अमेंडमेंट : दुरुस्ती, सुधारणा की नुसताच बदल?

‘अमेंडमेंट’ हा शब्द इंग्रजी असला तरी शहरी मराठी वाचकाला तो आता परका राहिलेला नाही. संसदेत अमेंडमेंट बिल मांडले जाते, वकील दाव्यात अमेंडमेंटचा अर्ज देतात आणि गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेत कोणीतरी सभासद ‘ठरावात एक छोटी अमेंडमेंट सुचवतो’ म्हणत उभा राहतो. मराठीत यासाठी वृत्तपत्रे ‘दुरुस्ती’ असे लिहितात, तर कायद्याची अधिकृत मराठी ‘सुधारणा’ असे म्हणते. म्हणूनच आपण ज्याला बेचाळिसावी घटनादुरुस्ती म्हणतो, तिचे संविधानाच्या मराठी प्रतीतील नाव ‘संविधान (बेचाळिसावी सुधारणा) अधिनियम, १९७६’ असे आहे.

हे दोन्ही शब्द समानार्थी आहेत काय, आणि मूळ इंग्रजी शब्दात या दोहोंपैकी नेमके काय दडले आहे, हा प्रश्न वरवर शब्दकोशाचा वाटतो. प्रत्यक्षात तो तेवढाच नाही. याच शब्दाचा अर्थ ठरविण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या १३ न्यायमूर्तींनी १९७२-७३ मध्ये ६८ दिवस युक्तिवाद ऐकले. त्याच्याही साडेचार दशके आधी रायगड जिल्ह्यातील (तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील) महाड या गावी नगरपालिकेने एक ठराव केला आणि साडेतीन वर्षांनी तो मागे घेतला. त्यातून जे घडले, ते ‘बदल’ आणि ‘दोषनिवारण’ यांतील अंतर दाखविणारे कदाचित सर्वांत ठळक मराठी उदाहरण ठरावे.

मूळ शब्द आणि त्याची भावंडे

‘अमेंड’ हे क्रियापद इंग्रजीत तेराव्या शतकाच्या सुमारास जुन्या फ्रेंचमधील ‘आमांदे’ या शब्दावरून आले. फ्रेंचमध्ये ते लॅटिन ‘एमेंदारे’ या क्रियापदापासून आले. त्याची फोड सोपी आहे. ‘ए’ किंवा ‘एक्स’ म्हणजे बाहेर, आणि ‘मेंदुम’ किंवा ‘मेंदा’ म्हणजे दोष, व्यंग, डाग. दोष बाहेर काढणे, हा या शब्दाचा गाभा. प्रारंभी इंग्रजीतही तो माणसाच्या वागणुकीविषयीच अधिक वापरला जाई. एखाद्याने आपले आचरण ‘अमेंड’ केले, म्हणजे तो वाईट मार्गावरून परतला. विधेयके आणि ठराव यांच्या संदर्भातील आजचा अर्थ सतराव्या शतकात इंग्लंडच्या पार्लमेंटच्या कामकाजातून रूढ झाला.

लॅटिनमधील या ‘मेंदा’चे एक नातलग आपल्या घरातही आहे. वैदिक संस्कृतात ‘मिन्दा’ हा शब्द शरीरातील व्यंग किंवा उणीव या अर्थाने येतो. यज्ञकर्मात राहून गेलेल्या उणिवेबद्दल दिल्या जाणाऱ्या आहुतीला ‘मिन्दाहुती’ असे नाव आहे. भाषाशास्त्रज्ञ ‘मेंदा’ आणि ‘मिन्दा’ यांना एकाच इंडो-युरोपीय धातूची अपत्ये मानतात. (मराठीतील ‘मिंधा’ हा शब्द कानाला जवळचा वाटतो खरा; पण केवळ उच्चारसाम्यावरून सोयरीक जुळविण्याचा मोह येथे आवरलेला बरा.) भिक्षेकऱ्यासाठी इंग्रजीत असलेला ‘मेंडिकंट’ हा शब्दही याच कुळातील. लॅटिनमध्ये ‘मेंदिकुस’ म्हणजे व्यंग असलेला आणि म्हणून भीक मागणारा.

इंग्रजीत या एकाच लॅटिन शब्दाची तीन रूपे नांदतात. ‘अमेंड’ फ्रेंचच्या वाटेने आले. त्याचे पहिले अक्षर गळून ‘मेंड’ झाले. फाटलेले कापड, मोडलेले कुंपण नीट करणे हा त्याचा अर्थ. तिसरे रूप ‘इमेंड’. ते विद्वानांनी थेट लॅटिनवरून घेतले आणि त्याचा वापर जवळजवळ सर्वस्वी ग्रंथांच्या पाठशुद्धीपुरता राहिला. हस्तलिखितातील पाठ भ्रष्ट आहे अशी खात्री झाल्यावर संपादक अनुमानाने जो पाठ सुचवितो, त्याला ‘इमेंडेशन’ म्हणतात. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेल्या आणि १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत हे हत्यार कमालीच्या संयमाने वापरले गेले. हस्तलिखितांचा आधार नसताना, केवळ आपल्याला अधिक बरे वाटते म्हणून, पाठ बदलायचा नाही, अशी डॉ. वि. सी. सुखटणकर यांची शिस्त होती. दोष आहे हे आधी सिद्ध करा आणि मगच तो काढा, असा हा दंडक. राज्यघटनेच्या वादात तो पुन्हा भेटणार आहे.

‘करेक्ट’ या शब्दाचे कूळ मात्र निराळे. लॅटिन ‘कोरिगेरे’ म्हणजे सरळ करणे. त्यातील ‘रेगेरे’ म्हणजे सरळ रेषेत नेणे, हाकणे, शासन करणे. त्याच धातूपासून लॅटिनमध्ये राजा या अर्थाचा ‘रेक्स’ आला आणि संस्कृतमधील ‘राजन्’ व ‘ऋजु’ हे त्याचे चुलतभाऊ. सरकारी राजपत्रात दिसणारे ‘कॉरिजेंडम’ म्हणजे ‘जे सरळ केले पाहिजे ते’, तर पुस्तकाच्या शेवटी येणारे ‘इरेटा’ म्हणजे भरकटलेल्या गोष्टी. लॅटिन ‘एरारे’चा अर्थ भटकणे. संस्कृतातील ‘भ्रम’ही भटकण्याच्याच धातूवरून चूक आणि आभास या अर्थाकडे वळला. वाट सोडणे म्हणजे चुकणे, ही कल्पना दोन्हीकडे स्वतंत्रपणे सुचली असावी.

मराठी काय म्हणते?

‘दुरुस्त’ हा शब्द फारसी आहे. नीट, योग्य, धडधाकट हे त्याचे अर्थ. ज्याचे तन दुरुस्त तो ‘तंदुरुस्त’. गंमत अशी की इंग्रजीत ‘मेंड’ आणि ‘अमेंड’ हे शब्द एकमेकांपासून दूर गेले, मराठीत मात्र नळाची, मोटारपंपाची, रस्त्याची आणि राज्यघटनेची अशी सर्वांचीच ‘दुरुस्ती’ होते. बिघडले होते, ते पूर्ववत केले, हा भाव त्यात आहे. ‘सुधारणा’ या शब्दाचा रोख त्याहून वेगळा. पूर्वी होते त्याहून चांगले करणे, ही त्यातील अपेक्षा. एकोणिसाव्या शतकात समाजसुधारणेच्या चळवळीने या शब्दाला जे वजन दिले, ते अद्याप उतरलेले नाही. गोपाळ गणेश आगरकरांचे ‘सुधारक’ पत्र १८८८ मध्ये निघाले. त्याच वर्षी महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर यांनी ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका लिहून अस्पृश्यतेविषयी शास्त्री-पंडितांना प्रश्न विचारले होते.

हिंदीने या ठिकाणी ‘संशोधन’ हा शब्द स्वीकारला आणि मराठी वाचकाची पंचाईत करून ठेवली. हिंदी बातमीतील ‘संविधान संशोधन’ म्हणजे घटनेवरील पीएच.डी. नव्हे, घटनादुरुस्ती होय. दोन्ही अर्थ ‘शोधन’ म्हणजे शुद्ध करणे यातूनच फुटले आहेत. दिल्लीहून आलेल्या मजकुराचे घाईत भाषांतर करताना हा गोंधळ होतो. मग दुसऱ्या दिवशी खुलासा छापण्याची वेळ येते आणि ‘दुरुस्ती’ या शब्दाचा अर्थ वार्ताहराला कोशाविना कळतो.

कागदावरची चूक सुधारण्याची मराठीची आपली स्वतंत्र परिभाषा होती, ती आज केवळ वाक्प्रचारांत उरली आहे. पोथी लिहिताना शब्द राहून गेला, तर ओळीत काकपद किंवा हंसपद म्हणून ओळखली जाणारी खूण करून तो वर किंवा समासात लिहीत. नको असलेल्या मजकुरावर हरताळ या पिवळ्या खनिजाचा लेप देत. कागद आणि लेप यांचा रंग जुळे, खालचे अक्षर दिसेनासे होई आणि वर पुन्हा लिहिता येई. एखाद्या गोष्टीला ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार येथून आला. दुकाने बंद ठेवण्याच्या ‘हरताळा’शी त्याचा संबंध नाही, तो शब्द ‘हाट’ म्हणजे बाजार आणि ‘ताळे’ म्हणजे कुलूप यांवरून आला आहे. व्यापाऱ्यांच्या बिलांवर खाली ‘चू. भू. द्यावी घ्यावी’ असे छापलेले असते, ती तर दोन्ही पक्षांनी आगाऊच मान्य केलेली दुरुस्तीची अट.

भाषेचीच दुरुस्ती करण्याचा एक मोठा प्रयत्न महाड तालुक्यातील रायगड किल्ल्याशी निगडित आहे. १६७४ मध्ये येथे शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. त्या सुमारास रघुनाथपंत हणमंते यांच्याकडे ‘राज्यव्यवहारकोश’ सिद्ध करण्याचे काम सोपविण्यात आले. दरबारी आणि कारभारी व्यवहारातील तेराशेहून अधिक शब्दांना, जे प्रामुख्याने फारसी-अरबी होते, संस्कृत पर्याय त्यात दिले आहेत. ‘पेशवा’ऐवजी ‘पंतप्रधान’ अशा धर्तीचे काही पर्याय टिकले, पुष्कळसे टिकले नाहीत. ‘दुरुस्ती’ हा फारसी शब्द आजही शाबूत आहे, तो रायगडच्या पायथ्याशी असलेल्या गावांतही.

तेरा न्यायमूर्तींपुढचा प्रश्न

राज्यघटनेच्या संदर्भात हा शब्द अनुच्छेद ३६८ मध्ये येतो. सर्वसाधारण दुरुस्तीसाठी प्रत्येक सभागृहात एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि हजर राहून मतदान करणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश मते लागतात. संघराज्याच्या रचनेला स्पर्श करणाऱ्या काही तरतुदींसाठी निम्म्या राज्यांच्या विधानमंडळांची संमतीही आवश्यक असते. घटना तयार होत असतानाच दुरुस्त्यांचा पाऊस पडला होता. मसुद्यावर सुमारे ७,६३५ दुरुस्त्यांच्या सूचना आल्या आणि त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या, असा हिशेब डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात दिला. घटना अमलात आल्यावर पहिली दुरुस्ती १९५१ मध्येच झाली. २०२३ मध्ये महिला आरक्षणाची दुरुस्ती झाली, तिचा क्रमांक १०६ वा होता.

अमेरिकेने ही गोष्ट निराळ्या रीतीने केली. तेथे दुरुस्त्या मूळ मजकुरात न घालता शेवटी जोडल्या जातात. आजवर त्या २७ झाल्या. त्यामुळे दारूबंदी आणणारी १९१९ ची अठरावी दुरुस्ती आणि ती रद्द करणारी १९३३ ची एकविसावी या दोन्ही आजही एकाच कागदावर वाचायला मिळतात. भारताने हंसपदाची पद्धत पत्करली. बदल थेट मजकुरात शिरतो, ‘२१क’ किंवा ‘५१क’ असे क्रमांक पडतात आणि गाळलेले कलम तळटीपेपुरते उरते. वाचायला हे सोयीचे. मात्र मूळ काय होते हे सहज दिसत नाही.

दोष काढणे हा शब्दाचा मूळ अर्थ असेल, तर घटनेचा आत्माच बदलणाऱ्या कृतीला ‘अमेंडमेंट’ म्हणता येईल काय? केशवानंद भारती खटल्यात हा प्रश्न ऐरणीवर आला. त्याआधी १९७१ च्या चोविसाव्या घटनादुरुस्तीने संसदेने आपल्यापरीने शब्दाचा अर्थ सांगून टाकला होता. भर घालून, बदल करून किंवा निरसन करून घटनेतील कोणत्याही तरतुदीत सुधारणा करता येईल, असे तिने ३६८ मध्ये लिहिले. या व्याख्येत दोषाचा उल्लेखच नाही. लॅटिनमधला ‘मेंदा’ तेथे गळून पडला आणि उरला तो निव्वळ फेरफार. याचिकाकर्त्यांतर्फे नानी पालखीवाला यांनी संसदेच्या अधिकाराला अंगभूत मर्यादा असल्याचे मांडले, तर केरळ सरकारतर्फे एच. एम. सीरवाई यांनी अधिकार अमर्याद असल्याचे. दोघेही मुंबईच्या वकिलीतले.

२४ एप्रिल १९७३ रोजी सात विरुद्ध सहा अशा निसटत्या बहुमताने निकाल लागला. न्या. हंसराज खन्ना यांनी केलेला अर्थ निर्णायक ठरला. सुधारणा म्हटले की मूळ वस्तू आपली ओळख न गमावता शिल्लक राहिली पाहिजे; मूळच नाहीसे झाले, तर त्याला सुधारणा म्हणता येणार नाही, असा त्याचा आशय. ‘मूलभूत चौकट’ म्हणून आज ज्याचा उल्लेख होतो, तो सिद्धांत असा एका शब्दाच्या अर्थनिर्णयावर उभा आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते न्या. खन्ना व्युत्पत्तीच्या जितके जवळ गेले, तितकी चोविसावी घटनादुरुस्ती गेली नव्हती.

दुरुस्ती मान्य झाली म्हणून प्रश्न मिटतोच असेही नाही. महाड तालुक्यातील नाते येथे जन्मलेले चिंतामणराव देशमुख यांनी मुंबई केंद्रशासित करण्याच्या धोरणावरून १९५६ च्या जुलैमध्ये अर्थमंत्रिपद सोडले. पुढल्याच महिन्यात लोकसभेने राज्य पुनर्रचना विधेयकात दुरुस्ती स्वीकारून विशाल द्वैभाषिक मुंबई राज्य निर्माण केले. त्या दुरुस्तीची दुरुस्ती व्हायला १ मे १९६० उजाडावा लागला.

चवदार तळ्याचा ठराव

४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांनी मांडलेला ठराव मुंबई कायदे कौन्सिलने संमत केला. सार्वजनिक पैशाने बांधलेल्या अथवा चालविलेल्या पाणवठे, विहिरी, धर्मशाळा यांचा आणि शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने यांचा वापर अस्पृश्य मानलेल्या वर्गांना करू द्यावा, असा तो होता. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी चवदार तळे सर्वांना खुले केले. कागदावर दोष निघाला. तळ्यावर मात्र पूर्वीप्रमाणेच मुसलमान पाणी भरत, गुरे पाणी पीत आणि अस्पृश्य हिंदूंना काठावर जाण्याची सोय नव्हती. ठरावाच्या आधारे कोणी तेथे गेले असते, तर काय झाले असते, हे तीन वर्षांनी दिसले.

१९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस ही तिच्या जुळणीतील प्रमुख नावे. २० तारखेला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली प्रतिनिधी मिरवणुकीने तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर ते वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठली आणि परतणाऱ्या प्रतिनिधींवर हल्ले झाले. पुढे सनातनी मंडळींनी तळ्याची ‘शुद्धी’ केली. तळ्यातून १०८ घागरी पाणी काढून, त्यांत पंचगव्य मिसळून, मंत्रोच्चारात ते पाणी पुन्हा तळ्यात ओतण्यात आले.

येथे शब्दांकडे जरा थांबून पाहावे लागते. ‘शुद्धिपत्रक’ या निरुपद्रवी शब्दात जी शुद्धी आहे, तीच ही. करणाऱ्यांच्या दृष्टीने तीही दोष बाहेर काढण्याचीच क्रिया होती. त्यांच्या लेखी दोष होता तो माणसाच्या स्पर्शाचा. दोष कशाला म्हणायचे हे ठरविण्याचा अधिकार कोणाच्या हाती आहे, यावर ‘अमेंड’चा सारा अर्थ फिरतो. लॅटिन धातू त्याचे उत्तर देत नाही.

त्या वर्षीच्या ४ ऑगस्टला, म्हणजे बोले ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्याच तारखेला, नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. सभाशास्त्राच्या भाषेत हे निरसन होते आणि नगरपालिकेला तो अधिकार होता. मराठीत त्याला ठरावाला हरताळ फासणे म्हणतात. डिसेंबरात डॉ. आंबेडकरांनी पुन्हा सत्याग्रह पुकारला, तेव्हा महाडमधील काही स्पृश्य नागरिकांनी दिवाणी न्यायालयात दावा दाखल करून तात्पुरता मनाई हुकूम मिळविला. २५ डिसेंबरला परिषद भरली. गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडलेल्या ठरावानुसार त्या रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. त्या ग्रंथात सुधारणा सुचविण्याचा विचार परिषदेने केला नाही. न्यायालयाचा मान राखून तळ्यावर जाण्याचा कार्यक्रम मात्र तहकूब ठेवला गेला.

दावा दहा वर्षे चालला. तळे खासगी मालकीचे आहे आणि त्याचे पाणी केवळ स्पृश्यांनीच घेण्याची अनादिकालापासून रूढी आहे, असे वादींचे म्हणणे होते. खालच्या दोन्ही न्यायालयांत ते हरले. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. ब्रूमफील्ड आणि न्या. वाडिया यांनी त्यांचे अपील फेटाळले. तळे नगरपालिकेच्या मालकीचे ठरले आणि कायद्याला अभिप्रेत असलेली अनादी, निश्चित रूढी सिद्ध झाली नाही, असा निर्वाळा मिळाला. (हेच ब्रूमफील्ड १९२२ मध्ये अहमदाबादेत महात्मा गांधींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे न्यायाधीश होते.) निकालाने नवा हक्क दिला नाही, तो अडविण्याचा आधार नाही एवढे सांगितले. हक्क स्पष्ट शब्दांत आला तो राज्यघटनेत. अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडात विहिरी, तलाव, स्नानघाट यांचा नावानिशी उल्लेख आहे आणि तो खंड वाचताना मसुदा समितीच्या अध्यक्षांना महाड आठवले नसेल, असे मानणे कठीण आहे.

सात-बारावरील दुरुस्ती

मुंबई-ठाण्यात राहणाऱ्या महाड-पोलादपूरच्या चाकरमान्यांना ‘अमेंडमेंट’ भेटते ते बहुधा गणपतीच्या किंवा शिमग्याच्या सुटीत, तहसील कचेरीत. येथे शब्द चुकला, तर अर्जच चुकतो, म्हणून थोडा तपशील.

महसुली दप्तरात ‘फेरफार’ आणि ‘दुरुस्ती’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जमिनीवरील हक्क एकाकडून दुसऱ्याकडे गेला, म्हणजे खरेदी, वाटणी, बक्षीस किंवा वारसाने, तर त्याची नोंद गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत होते; ती प्रमाणित झाल्यावर सात-बारा बदलतो. यात जुनी नोंद चुकीची होती असे कोणी म्हणत नाही. ती त्या वेळी बरोबरच होती. दुरुस्ती म्हणजे नोंद मुळातच चुकीची उतरली असणे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ मध्ये तिची तरतूद आहे. मात्र ती लेखनप्रमादापुरती, तसेच ज्या चुका संबंधित पक्षांना मान्य आहेत अशा चुकांपुरती मर्यादित आहे. हस्तलिखित सात-बारा संगणकावर घेताना आडनाव बदलले, क्षेत्राच्या आकड्यात दशांशचिन्ह सरकले, एका सहहिस्सेदाराचे नाव गळले, अशा चुकांना हे कलम लागू पडते. ‘आमच्या आजोबांचे नाव कूळ म्हणून लागायला हवे होते’ हा दावा खरा असला, तरी तो लेखनप्रमाद नव्हे. तो वादग्रस्त हक्काचा प्रश्न आहे. त्यासाठी अपील किंवा योग्य न्यायालयाची वाट धरावी लागते. १५५ खाली असा अर्ज केला, तर तो बहुधा फेटाळला जातो आणि मध्ये गेलेला काळ मुदतीच्या आड येतो.

न्यायालयांतही हाच भेद आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम १५२ निकालपत्रातील लेखनाच्या अथवा आकडेमोडीच्या चुका केव्हाही दुरुस्त करू देते. निकाल बदलू देत नाही. पक्षकाराला आपल्या दाव्याच्या मजकुरात फरक करावयाचा असेल, तर आदेश ६, नियम १७ आहे. त्याला २००२ मध्ये परंतुक जोडले गेले, त्यामुळे सुनावणी सुरू झाल्यावर ‘पुरेशी तत्परता दाखवूनही हे आधी मांडता आले नसते’ असे पटवावे लागते. नोंदणीकृत खरेदीखतात गट क्रमांक चुकला असल्यास दोन्ही पक्षांनी मिळून चूकदुरुस्तीपत्र नोंदवावे. एक पक्ष तयार नसेल, तर विनिर्दिष्ट साहाय्य अधिनियम, १९६३ च्या कलम २६ खाली न्यायालयाकडे जाता येते. जन्म-मृत्यूच्या नोंदीतील चुकीसाठी १९६९ च्या नोंदणी अधिनियमाचे कलम १५ आहे.

सावित्रीच्या खोऱ्यात हा कागदी भेद कधी कधी फार जड होतो. २२ जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यातील केवनाळे आणि साखर-सुतारवाडी येथेही दरडींनी बळी घेतले. अशा ठिकाणी एकाच घरातील दोन पिढ्या एका वेळी नाहीशा होतात. त्यांच्या नावांचे जे करावयाचे, त्याला दप्तरात दुरुस्ती म्हणत नाहीत. ती वारसनोंद, म्हणजे फेरफार. मृत्यूचा दाखला, वारसांचा तपशील आणि ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे (२०२४ पूर्वीचे पदनाम तलाठी) अर्ज हा तिचा मार्ग. वारसांपैकी एखाद्याचे नाव किंवा नाते त्या नोंदीत चुकीचे उतरले, तर तेवढ्या चुकीपुरता १५५ चा स्वतंत्र अर्ज करावा लागतो. त्याला मूळ फेरफार क्रमांक, चुकीच्या नोंदीचा उतारा आणि बरोबर नाव दाखविणारा जुना पुरावा, शाळेचा दाखला किंवा पूर्वीचा हस्तलिखित सात-बारा, जोडल्यास तहसीलदारांना चूक लेखनातली आहे की हक्कातली, हे कागदावरूनच ठरविता येते.